पिनबॉलच्या पोटातली ठिगळं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्याच्या सुट्टीत बॅगाटेल खेळला नाही असा माझ्या वयाचा माणूस सापडणं कठीण. वरच्या बाजूला गोलाई दिलेली लाकडी फळी, त्यावर ठोकलेले खिळे, उजवीकडे स्प्रिंगचा दांडा आणि चार-पाच पोलादी गोळ्या. दांडा ओढून सोडला की गोळी वरून वळसा घेऊन खिळ्यांवर आपटत, ठेचकाळत खाली यायची आणि शंभराच्या कप्प्याशी घुटमळून नेमकी दहाच्या कप्प्यात पडायची. या खेळण्याचा एक थोरला भाऊ अमेरिकेत आहे. विजेवर चालणारा, दिव्यांनी लखलखणारा, घंटा वाजवणारा. त्याचं नाव पिनबॉल.

हा भाऊपणा मी लावलेला नाही. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटी शहरातल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थांनी पेटंट घेतलं ते 'बॅगाटेलमधील सुधारणा' या नावाचंच. तो स्प्रिंगचा दांडा त्यातलाच. पुढे १९३१ साली शिकागोत डेव्हिड गॉटलिब यांचं 'बॅफल बॉल' हे नाणं टाकून खेळायचं यंत्र धो धो खपलं आणि शिकागो हे पिनबॉलचं माहेर झालं. गॉटलिब, बॅली, विल्यम्स ही सगळी मोठी नावं तिथलीच. १९४७ साली गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात पहिल्यांदा फ्लिपर आले. फ्लिपर म्हणजे बटण दाबलं की चेंडूला टोला मारणारे दोन छोटे हात. तोवर हा खेळ बराचसा नशिबाचा होता, आणि त्यामुळेच १९४२ साली न्यूयॉर्कने तो जुगार ठरवून बंद केला होता. पोलिसांनी घणाने यंत्रं फोडली होती. ती बंदी उठली थेट १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगरपरिषदेच्या समितीपुढे खरंखुरं यंत्र खेळून, चेंडू कुठे जाईल ते आधी सांगून तो तसा घालवून दाखवला, तेव्हा.

पण आज मला खेळाबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचं आहे ते यंत्राच्या पोटाबद्दल, आणि त्या पोटात आधीच्या लोकांनी करून ठेवलेल्या दुरुस्त्यांबद्दल.

मी नोकरीनिमित्त १९९१ साली शिकागोजवळच्या एका उपनगरात गेलो आणि २०१९ साली परत आलो. शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सवाला, पण हात खरा बसला तो शाळेत असताना आमच्या मामांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. १९९७ मध्ये तिथला एक बोलिंग क्लब बंद झाला आणि त्याच्या तळघरातलं १९७३ सालचं एक पिनबॉल यंत्र दीडशे डॉलरला मिळालं. चालू आहे का, असं विचारल्यावर विकणारा म्हणाला, "बहुतेक." या एका शब्दाने माझे पुढचे चार महिने खाल्ले.

१९७३ सालच्या यंत्रात संगणक नाही, चिप नाही, ट्रान्झिस्टरही नाही. सगळा कारभार कॉइल, रिले आणि पितळी पट्ट्यांच्या स्विचांवर. मोटारीचं बॉनेट उघडावं तशी खेळायची फळी वर उचलता येते, आणि खाली दिसतं एक जुनं टेलिफोन एक्स्चेंज. सुती दोऱ्याने बांधलेल्या तारांच्या जुड्या, डझनावारी रिले, एक संथ फिरणारी मोटार आणि तिच्या चकत्यांवर टेकलेले स्विच. चेंडू एका रबराला लागतो, रबरामागची पट्टी दुसरीला टेकते, रिले खेचला जातो, तो मोटारीला जागं करतो, मोटार पाच वेळा ठोका देते आणि समोरच्या काचेमागचं आकड्यांचं चाक पाच घरं पुढे सरकतं. गुण मोजायला लागणारी बेरीज ही अशी, डोळ्यांनी पाहता येते. ज्याला यंत्र कसं विचार करतं हे मुलांना दाखवायचं असेल त्याने यापेक्षा चांगली शाळा शोधू नये.

आता अशा यंत्रात बिघाड झाला तर तो शोधणं अवघड नसतं. कारखान्याने नकाशा दिलेला असतो, प्रत्येक तारेचा रंग त्यावर लिहिलेला असतो. तार तुटली, पट्टी वाकली, कॉइल जळलं, इतकंच काय ते. खरी पंचाईत होते ती तुटलेल्या वस्तूने नाही, कुणीतरी 'दुरुस्त' केलेल्या वस्तूने. कारण तुटलेली तार नकाशाशी प्रामाणिक असते. ठिगळ नकाशात नसतं.

माझ्या यंत्राचा डावा फ्लिपर मलूल होता. बटण दाबलं की पहाटे उठवलेल्या मुलासारखा हळूहळू उठायचा. त्यामागे काय निघालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या रोगाचं मर्म त्यात आहे.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये एकावर एक दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, कमी रोधाचं. ते जबरदस्त ताकद देतं, पण सेकंदभराहून जास्त चालू राहिलं तर तापून जळतं. दुसरं बारीक तारेचं, भरपूर रोधाचं. ते फ्लिपर नुसता वर धरून ठेवण्यापुरतं. दोन्ही एकापाठोपाठ जोडलेली असतात आणि बारीक वेटोळ्याला वळसा घालणारा एक छोटा स्विच असतो. फ्लिपर खाली असताना हा स्विच मिटलेला, म्हणजे सगळी वीज जाड वेटोळ्यातून जाते आणि टोला सणसणीत बसतो. फ्लिपर वर पोचला की त्याचाच दांडा या स्विचला ढकलून उघडतो, मग वीज दोन्ही वेटोळ्यांतून जाते, प्रवाह एकदम घटतो आणि खेळणाऱ्याने बटण मिनिटभर धरून ठेवलं तरी कॉइल गार राहतं. साधी, देखणी योजना.

या स्विचचे बिंदू टंगस्टनचे असतात आणि प्रत्येक टोल्याला तिथे ठिणगी पडते. काही वर्षांनी ते काळे पडतात. मग स्विच मिटलेला दिसतो, पण वीज नीट जात नाही. ती बारीक वेटोळ्यातून जाते आणि फ्लिपर मलूल होतो. उपाय काय? बारीक कानशीने बिंदू चार वेळा घासायचे. दहा मिनिटांचं काम.

माझ्या यंत्रात पहिल्या माणसाने ते केलं नव्हतं. त्याने स्विचलाच बगल देऊन एक तार कायमची जोडून टाकली होती. फ्लिपर लगेच जोरदार झाला असणार, आणि बुवा खूश होऊन घरी गेला असणार. पण आता बारीक वेटोळं कधीच कामाला येत नव्हतं. खेळणाऱ्याने बटण धरून ठेवलं की फ्यूज उडायचा. मग दुसरा माणूस आला. फ्यूज का उडतो हे न विचारता त्याने पाच अँपिअरच्या जागी वीस अँपिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज उडायचा थांबला. त्याऐवजी कॉइल तापू लागलं आणि आतली नायलॉनची नळी, जिच्यातून लोखंडी दांडा सरकतो, ती वितळून आकसली. दांडा अडकायला लागला. मग आला तिसरा. त्याने त्यात तेल सोडलं! कॉइलच्या नळीत तेल कधीच घालायचं नसतं, ती कोरडीच चालते. तेल धूळ धरतं, उष्णतेने त्याचा चिकट काळा राळ होतो. फ्लिपर परत मलूल. म्हणजे तीन माणसांनी, तीन वेळा पैसे घेऊन, यंत्राला जिथून सुरुवात झाली तिथेच आणून सोडलं होतं. वर जाताजाता कॉइल भाजलं, नळी वितळवली आणि ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या तारेचं सुती वेष्टण तपकिरी करून ठेवलं.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं आपण म्हणतो ते याला.

हे सगळं मला उलट्या क्रमाने समजलं. आधी तेल दिसलं. ते पुसताना नळी दिसली. नळी का वितळली म्हणून फ्यूज पाहिला. फ्यूजवरचा आकडा आणि खोक्यात चिकटवलेल्या कागदावरचा आकडा जुळेना, म्हणून तारांमागे लागलो आणि ती बगलेची तार सापडली. कांदा सोलतात तसं. आणि सोलताना एक नियम मी स्वतःला घालून घेतला : सापडलेलं ठिगळ लगेच काढायचं नाही. आधी विचारायचं, हे कशासाठी घातलं असेल? नुसती बगलेची तार काढली असती तर फ्लिपर मलूलच राहिला असता आणि मी नव्या कॉइलच्या शोधात निघालो असतो.

आता या मंडळींना शिव्या देणं सोपं आहे. मीही पुष्कळ दिल्या. पण पुढे एका म्हाताऱ्या मेकॅनिकची ओळख झाली, ज्याने तीस वर्षं हाच धंदा केला होता, आणि त्याच्याकडून दुसरी बाजू कळली. ही यंत्रं बार किंवा हॉटेलच्या मालकीची नसत. एक ऑपरेटर ती ठेवायचा, नाण्यांची पेटी उघडून जमलेले पैसे दुकानदार आणि तो वाटून घ्यायचे. मेकॅनिकच्या वाट्याला एका संध्याकाळी अनेक ठिकाणं. गर्दीचा आवाज, अंधार, हातात टॉर्च, खिशात असतील तेवढेच फ्यूज. शुक्रवारी रात्री यंत्र बंद म्हणजे आठवड्याची कमाई गेली. शिवाय कुणाच्या स्वप्नातही नव्हतं की हे यंत्र पन्नास वर्षं टिकणार आहे. चार-पाच वर्षं कमावायचं आणि नवं आणायचं, हा हिशेब. "आम्ही यंत्र दुरुस्त करत नव्हतो," तो म्हणाला, "शनिवार दुरुस्त करत होतो." हे ऐकल्यापासून तिसऱ्या माणसाचं तेल मी माफ केलं. दुसऱ्या माणसाचा फ्यूज मात्र अजून नाही.

फ्यूजशी खेळण्याची खोड आपल्याला काही परकी नाही. घरातल्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याची चांगली जाड तार गुंडाळून "आता बघू कसा जातो" म्हणणारे काका प्रत्येक वाड्यात होते. फ्यूज हा वायरिंगमधला सगळ्यात अशक्त दुवा मुद्दाम ठेवलेला असतो. तो बळकट केला की पुढचा अशक्त दुवा आपण निवडत नाही, वीज निवडते. पिनबॉलच्या खोक्यात तर भोवती सगळं लाकूड, धूळ आणि सुती वेष्टणाच्या तारा. म्हणून जुनं यंत्र घरी आणलं की ते सुरू करून पाहायचा मोह आवरायचा. आधी सगळे फ्यूज काढायचे, प्रत्येकाच्या टोपीवरचा आकडा वाचायचा, कारखान्याच्या कागदाशी ताडायचा. आकड्याबरोबर प्रकारही बघायचा, कारण काही ठिकाणी क्षणभराचा झटका सोसून हळू उडणारा फ्यूज लागतो. मग पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. आपल्याकडच्या कुठल्याही रेडिओवाल्याच्या टेबलावर हा बल्ब असायचा. यंत्रात कुठे शॉर्ट असेल तर साधा शंभर वॉटचा बल्ब भक्कन पेटतो आणि सगळा राग स्वतःवर घेतो.

हे शहाणपण मी आता सांगतो आहे. १९९७ मध्ये मी फ्यूज तपासले, पण पिनकडे पाहिलं नाही. ती गोष्ट अशी.

फ्लिपर ठीक झाल्यावर माझी सात वर्षांची मुलगी तळघरात तासन् तास खेळायला लागली. एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, पिनबॉल चावतं." मला वाटलं कुठेतरी पत्र्याची धार वर आली असेल. खाली जाऊन हात फिरवला, धार सापडली नाही. पायात स्लिपर होत्या. ती खेळायची अनवाणी, सिमेंटच्या जमिनीवर, आणि तो पावसाळी आठवडा होता. दोन दिवसांनी ती परत म्हणाली तेव्हा मी स्लिपर काढून नाण्यांच्या दाराला हाताचा मागचा भाग लावला. झिणझिण्या आल्या. मीटरचं एक टोक दाराला आणि दुसरं पाण्याच्या नळाला लावलं तर काटा साठ व्होल्टच्या आसपास.

जेवणाच्या टेबलावर मी ते दोन दिवस हसण्यावारी नेलं होतं, हे मला अजून आठवतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. कुणीतरी मूळची तीन तारांची केबल काढून टेबललॅम्पची चपटी दोन तारांची वायर जोडली होती. तिकडच्या जुन्या घरांत दोनच भोकांची सॉकेट असत. तिसरी, जमिनीची पिन त्यांत बसत नसे, म्हणून लोक ती सरळ मोडून टाकत किंवा अशी वायरच बदलत. आणि ही वायर लोंबू नये म्हणून खोक्याच्या आतल्या लाकडाला स्टेपल मारून बसवली होती. त्यातला एक स्टेपल वायरच्या वेष्टणात रुतला होता आणि त्याचं दुसरं टोक तांब्याच्या एका जाळीदार पट्टीला टेकलं होतं.

ही पट्टी काय ते समजून घेण्यासारखं आहे. कारखान्याने नाण्यांचं दार, बाजूच्या पट्ट्या, पाय, ट्रान्सफॉर्मरची बैठक असे हाताला लागणारे धातूचे सगळे भाग या पट्टीने एकमेकांना आणि केबलमधल्या हिरव्या, जमिनीच्या तारेला जोडले होते. हेतू हा की कुठे वीज उतरलीच तर ती थेट जमिनीत जावी, भरमसाट प्रवाह वाहावा आणि घरचा ब्रेकर तत्काळ पडावा. जमिनीची पिन आहे तोवर ही पट्टी राखणदार असते. पिन तोडली की तीच पट्टी एका ठिकाणी उतरलेली वीज इमानदारीने सगळ्या यंत्राला वाटते. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली योजना अर्धी मोडली तर ती नसण्यापेक्षा वाईट. त्या दिवशी वेष्टण पुरतं फाटलेलं नव्हतं, नुसती गळती होती, म्हणून झिणझिण्यांवर भागलं.

त्या रात्री नवी तीन तारांची केबल टाकली. खोक्यात शिरते तिथे रबरी कडी बसवली, ताण पडू नये म्हणून आत पकड दिली, फ्यूज आणि स्विच दोन्ही गरम तारेवर आहेत ना हे पाहिलं, आणि हिरवी तार पट्टीला बोल्टने आवळली. नुसता डाख नव्हे, बोल्ट. मग मीटरने प्रत्येक धातूच्या भागापासून पिनेपर्यंत रोध मोजला. मुलीला त्यानंतर महिनाभर तळघरात चपला घालूनच जायची सक्ती होती, आणि ती सक्ती तांत्रिकदृष्ट्या अनावश्यक होती, हे मी कबूल करतो.

पुढे मित्रमंडळींची यंत्रं माझ्याकडे यायला लागली तशी मला आधीच्या लोकांची हस्ताक्षरं ओळखू यायला लागली. हो, हस्ताक्षरंच. डाख देण्याची प्रत्येकाची तऱ्हा असते. कारखान्यातल्या बायकांनी दिलेला डाख चकचकीत आणि तारेचा आकार दाखवणारा असतो. त्यावर राखाडी, निस्तेज गोळा दिसला की समजावं, कुणीतरी नंतर हात घातला आहे आणि तोही पुरेसं न तापवता. माझ्या यंत्रात अशी दोन हस्ताक्षरं होती. एकाचं नाव मी 'गोळेवाला' ठेवलं, दुसऱ्याचं 'टेपवाला'. टेपवाला तारा नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळायचा. तीस वर्षांनी त्या टेपचा गोंद गळून डांबर झालेलं. पण एक तिसरा हातही होता. त्याने बदललेला रिले मी तो बदललेला आहे हे ओळखूच शकलो नाही, केवळ शेजारी लाकडावर पेन्सिलने तारीख होती म्हणून कळलं. मे १९७९. त्याचं काम मी हात न लावता तसंच ठेवलं.

स्विचांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान पॉलिश पेपरने केलेलं असतं. टंगस्टनचे बिंदू कानशीने घासावे लागतात हे खरं, पण रिलेवरचे बिंदू चांदीचे असतात. ते मऊ. त्यांना पॉलिश पेपर लावला की चांदी निघून जाते. आणि १९७७ च्या आसपास संगणकाची यंत्रं आली तेव्हा फळीवरच्या स्विचांना सोन्याचा अगदी पातळ मुलामा आला, कारण त्यांतून फक्त पाच व्होल्टची क्षीण वीज जाते, तिथे ठिणगी पडून आपोआप सफाई होत नाही. त्या बिंदूंमध्ये व्हिजिटिंग कार्ड धरायचं, पट्टी हलकेच दाबायची आणि कार्ड ओढून काढायचं. बस्स. पण पिढ्यान् पिढ्या शिकलेला हात कानशीकडेच जातो. त्यामुळे जुन्या, अनुभवी मेकॅनिकनेच बिघडवलेली नवी यंत्रं मी बरीच पाहिली.

त्या संगणकी यंत्रांचे रोग वेगळे. बंद असतानाही सर्वाधिक गुण लक्षात राहावेत म्हणून बॅलीच्या त्या काळच्या यंत्रांत मुख्य बोर्डावरच एक ३.६ व्होल्टची रिचार्जेबल बॅटरी डाख देऊन बसवलेली असे. ती वर्षांनी पाझरते. टॉर्चमध्ये सेल विसरल्यावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे, तसंच. आधीचा दुरुस्त करणारा वरवर पुसतो, नवी बॅटरी त्याच जागी बसवतो आणि हिरव्या गंजावर लॅकरचा हात मारतो. लॅकरखाली गंज आरामात वाढत राहतो, आयसींच्या सॉकेटखाली शिरतो. योग्य रीत अशी की बॅटरी कापून काढायची, गंजलेला भाग तांबं लख्ख दिसेपर्यंत घासायचा, अल्कली मारायला पातळ व्हिनेगर लावायचं, पाण्याने धुऊन स्पिरिटने वाळवायचं आणि बाधा झालेली सॉकेटं बदलायची. आता तर बॅटरीशिवाय आठवण ठेवणाऱ्या चिप मिळतात, त्या बसवल्या की हा प्रश्नच मिटतो.

दुसरा रोग डायोडचा. कॉइल बंद होताना त्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि उलट दिशेने मोठा झटका देतं. तो गिळायला कॉइलच्या दोन टोकांवर एक छोटा डायोड असतो, किंमत चार आण्यांची. कॉइल बदलणाऱ्याने तारा उलट्या जोडल्या की डायोड उलटा पडतो आणि कॉइल सुरू होताच सगळी वीज त्या डायोडमधूनच वाट काढते. बोर्डावरचा ट्रान्झिस्टर मरतो. मग कुणी ट्रान्झिस्टर बदलतं, तोही मरतो. एका मित्राच्या यंत्रात एकाच जागी इतक्या वेळा ट्रान्झिस्टर बदललेला होता की बोर्डावरची तांब्याची रेघ उखडून आली होती, आणि डायोड तेवढ्या सगळ्या वेळ उलटाच होता. ट्रान्झिस्टर गेला तर आधी कॉइलकडे जायचं, बोर्डाकडे मागाहून.

२०१९ साली परत येताना ते १९७३ चं यंत्र मी एका तरुण मुलाला दिलं. सोबत एक मोठा लिफाफा. त्यात नकाशा, फ्यूजच्या कागदाची नवी प्रत आणि बावीस वर्षांत मी केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची यादी, तारखेसकट. त्या यादीचा मला थोडा अभिमान होता.

महिन्याभराने पुण्यात त्याचा फोन आला. खेळायच्या फळीच्या मोठ्या प्लगपाशी एक हिरवी तार आहे, नकाशात नाही, यादीतही नाही. एका बाजूने प्लगला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आहे. हिरवी म्हणजे जमिनीचीच असणार, तर ती जाळीदार पट्टीला जोडून टाकू का?

मला क्षणभर काही आठवेना. मग आठवलं. १९९९ च्या हिवाळ्यात त्या प्लगमधली एक पिन सैल झाली होती आणि घरी पाहुणे यायचे होते. पिन मागवली, आणि ती येईपर्यंत हाताशी होती ती तार जोडून दिली. केबलचा उरलेला तुकडा होता तो, म्हणून हिरवा. त्या तारेतून कॉइलना लागणारी वीज जात होती. पट्टीला जोडली असती तर लगेच कदाचित काही झालंही नसतं. पण त्यानंतर फळीखालचं दुसरं कुठलंही टोक धातूला टेकताच ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाला असता. मागवलेली पिन आली होती. ती कार्यशाळेच्या खणातल्या एका डबीत होती, आणि ती डबीही मी त्या मुलालाच देऊन आलो होतो.

मी त्याला डबी शोधायला सांगितली. जुनी पिन कशी काढायची, नवी दाबून बसवताना तारेचं वेष्टण कुठपर्यंत सोलायचं, प्लगच्या समोरच्या अर्ध्यातली जोडीची पिनही का बदलायची, हे सगळं फोनवर सांगितलं. एक पिन जळकी ठेवली की ती नवीलाही जाळते. आठवड्याने त्याने फोटो पाठवला. प्लग बंद केलेला, हिरवी तार टेबलावर कापून ठेवलेली, आणि खाली माझ्या यादीवर त्याच्या अक्षरात एक ओळ वाढवलेली.